नागरमोथा : शेतातील शत्रू, अमीनाबादेतील सुगंध

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानाच्या वेळी पाटाजवळ ठेवलेल्या वाटीतील उटण्याचा सुगंध मराठी माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. त्या उटण्यात काय काय असते असे विचारले, तर चंदन, वाळा, आंबेहळद, गव्हला कचोरा इथपर्यंत येऊन बहुतेकांची यादी थांबते. या यादीत सहसा असणारे, पण हमखास विसरले जाणारे एक नाव म्हणजे नागरमोथा. तो उटण्यात असतो, शिकेकाईच्या मिश्रणात असतो, वैद्यांच्या काढ्यात असतो आणि उत्तर भारतातील नामांकित अत्तरांतही असतो. गंमत अशी की, हीच वनस्पती आपल्या शेतात उगवली की तिचे नाव आणि नाते दोन्ही बदलते. तेथे ती ‘लव्हाळा’ होते आणि हरळी व कुंदा यांच्या जोडीने शेतकऱ्याच्या सर्वांत चिवट शत्रूंमध्ये गणली जाते.

एकाच वनस्पतीला एकीकडे आपण पैसे मोजून घरी आणतो आणि दुसरीकडे पैसे मोजून शेतातून हुसकावतो. असे का व्हावे, या प्रश्नाचे उत्तर तिच्या जीवनक्रमात आहे. त्याचा शोध घेण्यासाठी सुरुवात मात्र एका बाजारापासून करू.

अमीनाबादच्या गल्ल्यांत

लखनौच्या कैसरबागेत पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली ‘मॅरिस कॉलेज ऑफ म्युझिक’ सुरू झाले. आज ती संस्था भातखंडे संस्कृती विश्वविद्यापीठ म्हणून ओळखली जाते. त्यामुळे लखनौला जाणाऱ्या मराठी संगीतप्रेमीची पावले कैसरबागेकडे वळतातच. तेथून जवळच अमीनाबाद आहे. अवधचे नवाब अमजद अली शाह (कारकीर्द १८४२ ते १८४७) यांचे वजीर इमदाद हुसेन खान ऊर्फ अमीनुद्दौला यांच्या नावावरून या वस्तीला हे नाव मिळाले. चिकनकाम केलेले कपडे, बांगड्या, पुस्तके, कबाब, कुल्फी अशा नाना वस्तूंसाठी हा बाजार प्रसिद्ध आहे. खरेदीला आलेल्यांच्या गर्दीतून वाट काढणे हाच येथील पहिला अनुभव असतो.

या गजबजाटात पंसाऱ्यांची, म्हणजे आपल्याकडच्या काष्ठौषधीवाल्यांची, दुकाने नाकालाच आधी सापडतात. उघड्या पोत्यांमध्ये हिरडा, बेहडा, वाळा, जटामांसी मांडलेली असते. त्यांच्याच पंक्तीला काळपट तपकिरी, सुपारीहून लहान, केसाळ गाठी ठेवलेल्या दिसतात. दिसायला त्या अगदीच सामान्य. त्यातली एक गाठ फोडून नाकाशी धरली, तर ओलसर माती, जुने लाकूड आणि किंचित मिरी यांचा एकत्रित गंध येतो. हाच नागरमोथा.

लखनौच्या अत्तरपरंपरेत या गाठीला मानाचे स्थान आहे. ‘हिना’ आणि ‘शमामा’ ही थंडीच्या दिवसांत लावली जाणारी, प्रकृतीने उष्ण मानलेली अत्तरे. गुलाब किंवा मोगऱ्याप्रमाणे ती एका फुलाची नसतात, तर अनेक मुळ्या, साली, मसाले आणि राळा यांच्या मिलाफातून सिद्ध होतात. जटामांसी, कपूरकाचरी यांच्याबरोबर नागरमोथाही त्यांत असतो. लखनौपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या कनौजमध्ये तांब्याच्या ‘देग’मध्ये हा माल पाण्यासह उकळतात. देगाचे तोंड चिकणमातीने लिंपून बंद करतात आणि सुगंधी वाफ बांबूच्या नळीतून ‘भपक्या’त नेतात. परंपरेने या भपक्यात चंदनाचे तेल असते आणि वाफेतला गंध ते धरून ठेवते. फुलांचे सुगंध लवकर उडून जातात, तर मुळांचे सुगंध मागे रेंगाळतात. म्हणूनच अत्तराला पाया देण्याचे काम नागरमोथ्यासारख्या मुळांकडे सोपवलेले असते.

गवत नव्हे, कागदाचा भाऊबंद

नागरमोथ्याचे शास्त्रीय नाव ‘सायपेरस रोटंडस’. लिनियसने १७५३ साली ते दिले. लव्हाळा पाहताक्षणी गवतच वाटतो, परंतु तो गवत नव्हे. त्याचे कुल वेगळे, त्याला मुस्तक कुल किंवा ‘सायपेरेसी’ म्हणतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. फुलोरा धरणारा दांडा दोन बोटांत धरून फिरवावा. गवताची काडी गोल लागते आणि बहुधा आतून पोकळ असते, लव्हाळ्याचा दांडा मात्र तिकोनी आणि भरीव लागतो. पानेही तीन दिशांना, तीन ओळींत येतात. प्राचीन इजिप्तमध्ये ज्याच्या दांड्यापासून लेखनसाहित्य बनत असे, तो पपायरस याच वंशातला. ‘पेपर’ हा इंग्रजी शब्द त्याच्याच नावावरून आला. बँकेच्या खतावण्यांशी लव्हाळ्याचे असे दूरचे नाते निघते.

व्यापारात ‘सायपेरस स्कॅरिओसस’ या भाऊबंदाच्या मुळांनाही नागरमोथाच म्हणतात आणि अत्तरासाठी त्याचा मोठा वापर होतो. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशात ‘मुस्ता’ म्हणून नोंद आहे ती मात्र सायपेरस रोटंडसचीच. अशा सरमिसळीमुळे औषधासाठी माल घेताना नुसत्या नावावर न जाता तो ओळखून आणि तपासून घ्यावा लागतो. वनस्पतींची ओळख, त्यांतील घटकद्रव्ये आणि लागवड यांचा अभ्यास करणाऱ्या दोन राष्ट्रीय संस्था लखनौमध्येच आहेत, हा एक सुखद योगायोग. त्यांपैकी सिकंदरबागेतील राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे १९५३ साली आली, तर आज ‘सिमॅप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेची स्थापना १९५९ सालची आहे.

जमिनीखालची ठेव

या वनस्पतीचे सारे सामर्थ्य जमिनीखाली आहे. वर दिसतात ती वीतभर-हातभर उंचीची हिरवी पाने. खाली मात्र दोरीसारखी बारीक खोडे आडवी धावत असतात आणि त्यांवर ठरावीक अंतराने गाठी धरत जातात, माळेत मणी ओवावेत तशा. प्रत्येक गाठीत पिष्टाचा साठा असतो आणि फुटण्यास सज्ज डोळे असतात. उगवून आल्यानंतर तीन-चार आठवड्यांतच नव्या गाठी धरू लागतात आणि एका गाठीपासून एका हंगामात शेकड्याच्या हिशेबात गाठी तयार होऊ शकतात. मुदत ठेवीवरील चक्रवाढ व्याज समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही. दुर्दैव एवढेच की, येथे ठेव लव्हाळ्याची आणि व्याज भरणारा शेतकरी.

बीजाची त्याला फारशी गरज नसते. तुरे येतात, पण त्यातून उगवणक्षम बी क्वचितच मिळते. प्रसार होतो तो गाठींमधून. पुराच्या गाळातून, शेणखतातून, रोपवाटिकेच्या मातीतून आणि अवजारांना चिकटलेल्या ढेकळांतून त्या नव्या शेतात पोहोचतात. प्रखर उन्हातही अन्न कार्यक्षमतेने तयार करण्याची ऊस आणि मका यांच्यासारखी यंत्रणा त्याच्या पानांत आहे. म्हणून उष्ण प्रदेशातील उघडे, ओलिताचे शेत ही त्याची आवडती जागा. नदीकाठ, तळ्याची कड, भाताचे खाचर, कालव्याची बाजू, घरामागचा परसू, कोठेही तो सुखाने राहतो. पाणी साचले तरी गाठी तग धरतात. पाऊस पडताच हिरवे कोंब वर येतात. संस्कृत कोशकारांनी मेघाची सारी नावे या वनस्पतीला देऊन टाकली आहेत. वैद्यकग्रंथांत घन, अब्द, अंबुद, जलद हे शब्द आले, तर तेथे ढग नव्हे, नागरमोथा समजावा लागतो. पावसाशी असलेले त्याचे नाते पूर्वजांनी किती नेमके टिपले होते, याची ही साक्ष आहे.

महापूर आणि लव्हाळा हा तुकोबांचा दृष्टांत आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. नम्रतेची शिकवण म्हणून तो आपल्याला ठाऊक असतो. वनस्पतिशास्त्राच्या अंगाने पाहिले तरी तो खरा ठरतो. काठावरची ही वनस्पती पाण्यापुढे लवते हे खरेच, पण वरचे सारे वाहून गेले तरी पुन्हा उभे राहण्याची तरतूद तिने आधीच मातीत करून ठेवलेली असते.

नांगरालाही न जुमानणारा

१९७७ साली लेरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील सर्वांत उपद्रवी तणांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पहिला क्रमांक मिळाला तो लव्हाळ्याला. नव्वदहून अधिक देशांत आणि पन्नासहून अधिक पिकांत त्याचा उपद्रव नोंदवला गेला होता. कांदा, ऊस, कापूस, भाजीपाला यांपैकी काहीही लावणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे सांगण्यासाठी ग्रंथाची गरज नाही. खुरपणी करून चार दिवस होतात न होतात तोच पुन्हा हिरवी टोके दिसू लागतात. पिकासाठी घेतलेल्या कर्जातील काही रक्कम अशा रीतीने वारंवार खुरपणीच्या मजुरीत जिरते आणि पिकाचे पाणी व खत लव्हाळा खातो ते निराळेच.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. गाठींची माळ अखंड असते तेव्हा टोकाची गाठ फुटते आणि मागच्या बऱ्याच गाठी झोपून राहतात. पुढच्या कोंबाचा मागच्यांवर एक प्रकारचा दाब असतो. नांगराने किंवा कुळवाने माळ तुटली की तो दाब संपतो आणि प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे अंकुरते. म्हणजे अर्धवट मशागत लव्हाळा कमी करत नाही, उलट त्याची वाटणी करून त्याला शेतभर पसरवते. तणनाशकांचेही असेच होते. पानांतून आत उतरणारे औषध जिवंत, वाढत्या कोंबाला जोडलेल्या गाठीपर्यंत पोहोचते, पण झोपलेल्या गाठी बऱ्याच अंशी सुटतात. पिकाच्या ओळींत अंथरलेला प्लॅस्टिकचा कागदही हा पठ्ठ्या आपल्या टोकदार कोंबाने भोसकून वर येतो.

मग यावर उपाय नाही का? आहे, आणि तो शत्रूचा स्वभाव ओळखण्यात आहे. लव्हाळ्याची दोन मर्मस्थाने आहेत, कोरडे ऊन आणि सावली. बहुतांश गाठी वरच्या वीतभर मातीत असतात. एप्रिल-मेमध्ये खोल नांगरट करून त्या वर काढल्या आणि कडक उन्हात पुरत्या वाळू दिल्या, तर त्या मरतात. पाणी देऊन कोंब फुटू द्यायचे आणि नव्या गाठी धरण्यापूर्वीच ते मोडायचे, असे पुन्हा पुन्हा केले की गाठीतील साठा संपत जातो. अमेरिकेतील अलाबामा राज्यात १९३०च्या दशकात झालेल्या प्रयोगांत, तीन आठवड्यांहून अधिक खंड न पडू देता दोन हंगाम सतत मशागत केल्यावर शेत या तणापासून मुक्त झाले होते. सावलीत तर त्याची वाढ झपाट्याने खुंटते. ताग, चवळी यांसारखे जमीन लवकर झाकणारे पीक घेतले की त्याचा जोर ओसरतो. अवजारे स्वच्छ ठेवणे आणि अनोळखी ठिकाणची माती वा खत पारखून घेणे हा तर बिनखर्चाचा उपाय. हे सारे करण्यासाठी चिकाटी लागते. लव्हाळा चिवट आहे, त्याला चिवटपणेच उत्तर द्यावे लागते.

ज्याची किंमत बाजारात आहे तो लव्हाळा शेतकऱ्याने विकावा असे कोणालाही सुचेल. प्रत्यक्षात हे तितके सोपे नाही. मातीतून बारीक गाठी वेचणे, त्यांवरील तंतू जाळून किंवा घासून काढणे, धुणे, वाळवणे यांतली मेहनत मोठी आणि मालाचे वजन हलके. शिवाय ज्या शेतात तणनाशकाची फवारणी झाली आहे, तेथील गाठी औषधात किंवा उटण्यात जाणे धोक्याचे. सांडपाणी मिसळणाऱ्या नाल्याच्या काठचा मालही त्याच कारणासाठी टाळायला हवा. तेव्हा सुगंधी मुळाचा खरा कस ते कोणत्या मातीतून आले यावर ठरतो, पोत्यावरील नावावर नव्हे.

वैद्य, वराह आणि बलाक

चरकसंहितेत पचन सुधारणाऱ्या आणि अतिसार आवरणाऱ्या द्रव्यांमध्ये मुस्तेला अग्रस्थान दिले आहे. तापातील तहान शमवण्यासाठी सांगितलेल्या ‘षडंगपानीय’ या सहा द्रव्यांच्या पाण्यातही मुस्ता आहे. तिच्या सोबतीला पित्तपापडा, वाळा, चंदन, उदीच्य आणि सुंठ. अर्थात औषध म्हणून तिचा वापर वैद्याच्या सल्ल्यानेच करावा, हे सांगणे न लगे. माणसाची आणि या गाठींची ओळख तर याहूनही जुनी आहे. सुदानमध्ये पांढऱ्या नाईलच्या काठी अल खिदाय येथे सापडलेल्या प्राचीन सांगाड्यांच्या दातांवरील कीटणाचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. हजारो वर्षे तेथील लोकांच्या आहारात नागरमोथ्याच्या गाठी होत्या, असे त्यातून दिसले. त्यांच्यातील दात किडण्याचे प्रमाण अत्यल्प होते आणि त्यामागे या गाठींतील जंतुरोधक गुण असावेत, असा अंदाज संशोधकांनी मांडला.

त्या मिरीसारख्या गंधाचीही एक कथा आहे. नागरमोथ्याच्या गाठींत आढळलेल्या एका सुगंधी द्रव्याला ‘रोटंडोन’ असे त्याच्याच नावावरून म्हणतात. काळ्या मिरीचा खास वास मुख्यतः याच द्रव्याचा असतो आणि शिराझ जातीच्या द्राक्षांच्या मद्यातील मिरीसारखा गंधही त्याचाच, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले. त्या चाचण्यांत पाचांपैकी सुमारे एका व्यक्तीला हा गंध मुळीच जाणवला नाही. अमीनाबादच्या दुकानात गाठ नाकाशी धरूनही एखाद्याला त्यात मिरी सापडली नाही, तर दोष दुकानदाराचा नसेल!

माणसाखेरीज इतरांनाही या गाठी प्रिय आहेत. कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’त दुष्यंत शिकार थांबवतो, तेव्हा आता रानडुकरांनी डबक्यात निर्धास्तपणे मोथा उकरावा असे म्हणतो. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव पाणथळीत हिवाळ्यात येणारे सायबेरियन क्रौंच लांब चोचीने चिखलातून याच गाठी उकरून खात असत. या पाणथळीची कथा आपल्याला अंतर्मुख करणारी आहे. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाल्यावर तेथील गुरचराई बंद करण्यात आली. त्यास ग्रामस्थांचा कडवा विरोध झाला. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून दिसले की, चराई थांबताच एका पाणगवताने पाणथळ व्यापली आणि अनेक पाणपक्ष्यांची खाण्याची जागा आक्रसली. क्रौंच घटण्यामागे त्यांच्या हजारो किलोमीटरच्या प्रवासमार्गावरील शिकार हे मोठे कारण होते, हे खरेच. परंतु पाणी, गुरे, गवत, गाठी आणि पक्षी यांची वीण किती घट्ट असते, हे त्या अनुभवाने शिकवले. २००२ नंतर ते पाहुणे भरतपूरला आलेले नाहीत. जी गाठ कांद्याच्या शेतात नकोशी, तीच पाणथळीत एका दुर्मिळ पाहुण्याचा शिधा होती.

वर दिसते त्यापलीकडे

या साऱ्या कहाणीतून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे येते. नागरमोथ्याच्या बाबतीत जो केवळ वरचे पाहतो, तो फसतो. हिरवी पाने खुरपून काम झाले असे समजणारा शेतकरी फसतो. पोत्यावरील नाव वाचून माल घेणारा ग्राहक फसतो. पाणथळ केवळ गुरांपासून वाचवली की पुरे असे मानणारे धोरणही फसते. खरा व्यवहार जमिनीखाली चाललेला असतो आणि तो समजून घेतला तरच त्याला आवर घालता येतो, त्याचा उपयोगही करून घेता येतो.

तण आणि औषध हे भेद निसर्गाने केलेले नाहीत. ते आपल्या गरजेने ठरवलेले आहेत. शेतात लव्हाळा नको, हे योग्यच. परंतु ओढ्याच्या काठावर, तळ्याच्या ओल्या कडेला, जेथे तो कोणाच्या पिकाचा घास हिरावत नाही, तेथे त्याची जागा राखणे हेही तितकेच शहाणपणाचे. तळी बुजली आणि नदीकाठ सिमेंटचे झाले तर शेतातला लव्हाळा जाणार नाहीच, हरवेल तो शुद्ध मातीतला, सुगंधाचा नागरमोथा.

येत्या दिवाळीत उटण्याची वाटी हाती घ्याल, तेव्हा तिचा गंध क्षणभर अधिक लक्ष देऊन घ्या. ओल्या मातीचा, जुन्या लाकडाचा आणि नशिबात असेल तर किंचित मिरीचा तो गंध अमीनाबादेतील पंसाऱ्याच्या पोत्यातला आहे आणि आपल्या बांधावरचाही.